तात्यांचा सर्व्हर बंद पडत नव्हता

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला वाद घालायचा नाही. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रविवारची दुपार. ऑफिसला सुट्टी. तळघरातली सर्व्हरची खोली. आत मी आणि दादा, दोघंच.

कंपनीला सर्व्हरसाठी नवी सिस्टिम निवडायची होती. एका मशीनवर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज. वेग मोजून झाला. उन्नीस-बीसचा फरक. मग भरवशाची परीक्षा. ती आम्ही आडदांडपणेच करतो. मशीन ऐन कामात असताना पॉवरची वायर उपटायची. परत लावायची. उठतंय का बघायचं. मग पुन्हा उपटायची.

दोन्ही उठली.

"आता म्हातारा," दादा म्हणाला.

कोपऱ्यात तात्यांचा सर्व्हर होता. त्यावर जुनी युनिक्स सिस्टिम. तात्या आमच्याआधी ही खोली सांभाळायचे. इथेच अंगावर मशीनचा लोखंडी रॅक कोसळून ते गेले. "माझं मशीन कधी पडत नाही," ही त्यांची रोजची टिमकी. ते गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"राहू दे ना, दादा."

"का? तात्या रागावतील?"

हसतहसतच त्याने वायर उपटली.

मशीनचे दिवे विझले. त्याचा पंखा थांबला...

पण माझ्या लॅपटॉपवर उत्तरं येत होती. परीक्षेत आम्ही प्रत्येक मशीनला सारखी हाक मारत राहतो, चालू असेल तर ते उत्तर देतं. हे बंद होतं. तरी देत होतं.

दादाचं डोकं फिरलं. त्याने डिस्क ओढून काढल्या, फरशीवर आपटल्या. नेटवर्कची केबलही उपटली.

उत्तरं येतच राहिली.

मग खोलीतला प्रत्येक पंखा गप्प झाला. एसीसुद्धा. तिथे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती...

रॅकमागे कोणीतरी खोकलं.

दादा वळला, तेवढ्यात हातातली केबल ताणली गेली. गळ्याभोवती वेढा बसला. तो फरफटत रॅकवर गेला. कपाळ लोखंडावर आदळलं. पुन्हा. पुन्हा. पत्रा रक्ताने माखला. मी केबलला लोंबकळलो. तळहात सोलून निघाले. पलीकडून हिसके बसत होते, जसे चिडलेला माणूस देतो तसे.

अचानक केबल सैल पडली. दादा कोसळला. श्वास नाही. नाडी नाही. मी त्याची छाती दाबत होतो, शिव्या देत होतो, रडत होतो.

आणि दादा स्वतःहून उठून बसला.

"काय झालं रे?" म्हणाला... आणि माझ्या मांडीवर पुन्हा गार पडला.

पुन्हा उठला.

लॅपटॉपवर आता तीन नाही, चार उत्तरं येत होती. चौथं मध्येच थांबायचं. परत सुरू व्हायचं. दादाच्या श्वासाबरोबर.

तात्यांचं मशीन मी दुसऱ्याच दिवशी भंगारात दिलं, समोर उभं राहून कापून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

दादा आता घरी आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत. पण जेवताजेवता, बोलताबोलता ते थांबतं. वहिनी त्याच्या छातीला कान लावून बसते. मग ते चालू होतं. दर खेपेला जरा उशिराच.

काल वहिनीने विचारलं, "भाऊजी, मशीनची वायर उपटायची, परत लावायची, असं तुम्ही कुठवर करता?"

खरं उत्तर मला माहीत आहे. ते उठेनासं होईपर्यंत.

"दादा होईल बरा," एवढंच म्हणालो आणि बाहेर आलो. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.