शेपटीकडचं माणूस

लिबान, मोबाईल खाली ठेव. उजेडात ही गोष्ट मी सांगत नाही. आणि भुतं नसतात असं म्हणायचं असेल, तर ते सकाळी म्हण.

आपला समतर तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या दुष्काळातली गोष्ट. गुरुवारची रात्र, चंद्र मावळलेला. सगळी गुरं मेली होती, एकच गाय उरलेली, अद्दे. तिला घेऊन तो हर्गेसाच्या रस्त्यानं विहिरीकडे निघाला होता. चित्रांच्या खडकापाशी, जुन्या माणसांनी तांबड्या गाई रंगवल्यात ना, तिथं, ती बसली ती बसलीच.

उपाशी गाय बसली की उचलायला दोन माणसं लागतात. एक शिंगांना, एक शेपटीला. समतरच्या घरी शेपटीकडे त्याची बायको असायची, अंबारो. ‘ओढ की रे, जेवला नाहीस का!’ असं ओरडायची. ती वारली त्याला तेव्हा चार महिने झाले होते.

“काका, खडकावरच्या गाईंमागेपण माणूस काढलाय ना, हात वर केलेला?”

काढलाय. माझा आजा म्हणायचा, तोही गाय उचलतोय. आता मध्ये बोलू नकोस.

समतरनं मला फोन केला. म्हटलं, येतो, पण दोन तास लागतील. तोवर तरसं आली असती. म्हणून त्यानं बिस्मिल्ला म्हटलं, एकट्यानंच शिंगं धरली आणि ओढलं.

मागची बाजू उचलली गेली.

पलीकडे कुणीतरी होतं. काळोख. श्वास ऐकू येत होता... गाईचा नव्हे.

अद्दे उभी राहिली. पाय लटपटत होते. अशा वेळी शिंगं सोडायची नसतात, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पायांत जोर येईपर्यंत धरून ठेवायची.

‘अंबारो?’

‘अंबारो... तूच ना गं?’

त्यानं शिंगं सोडली. मागे धावला.

तिथं कुणी नव्हतं. आणि अद्दे कोसळली, ती कायमचीच. मी पोचलो तेव्हा तिच्या मानेला मिठी मारून रडत होता. ‘मी सोडली रे, मीच सोडली,’ एवढंच. कुणासाठी रडतोस, असं मी विचारलं नाही. मलाच रडू आवरेना.

उजाडल्यावर आम्ही तिला रस्त्यावरून बाजूला ओढलं. शेपटी मी धरली. हाताला ओलं लागलं. रक्त असेल म्हणून पाहिलं. रक्त नव्हतं. खडकावरच्या गाईंचा तांबडा रंग असतो ना, तो. आणि त्या रंगात शेपटीभोवती बोटं उमटली होती, बारीक, बाईमाणसाची.