उष्टी फळं

छोटीची उंची पाच फूट दहा इंच होती. ताईच्या सहा वर्षं मागून आली म्हणून छोटी, आणि आता सुतारापासून एजंटपर्यंत सगळे तिला छोटीच म्हणत. विकायला काढलेली घरं नटवायची, हा तिचा धंदा. घर आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसलं पाहिजे, बाकी काही नाही. त्यासाठी तिच्याकडे साडेचार फुटी पलंग होता. त्यावर कोणी झोपू शकत नसे, पण खोली ऐसपैस वाटे, आणि गिऱ्हाईक काही झोपायला येत नाही. आतून पोकळ असलेली जाडजूड पुस्तकं होती. घरभर वास पसरावा म्हणून पाण्यात उकळायला व्हॅनिलाची बाटली होती. आणि काचेच्या वाडग्यात मेणाची सहा सफरचंदं, जी आजवर एकोणीस घरांत मांडून झाली होती. डाग निघो, तडा निघो, तिचा नियम एकच: वाईट बाजू भिंतीकडे.

या वेळचं घर ताईचं होतं.

ताई तीन महिन्यांपूर्वी एक बॅग घेऊन छोटीकडे आली ती सोफ्यावरच राहिली. झालं काय ते सांगेना. तिथलं सगळं उष्टं आहे, एवढंच म्हणाली. एकटं राहून माणसाचं असं होतं, छोटीला वाटलं. पण मग ताईला छोटीकडचंही उष्टं लागायला लागलं. दूध उष्टं, भाजी उष्टी, नळाचं पाणी कोणीतरी चूळ भरून टाकल्यासारखं. निसर्गानं सीलबंद करून पाठवलेलं तेवढं तिला चाले: केळी, शेंगा आणि उकडलेली अंडी, तीही स्वतः सोललेली. तीन महिन्यांत ती चौदा किलो उतरली. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जायला लागलं. घर विकलं गेलं की मी जेवीन, असा तिनं शब्द दिला होता, आणि शनिवारी एक जोडपं घर बघायला येणार होतं. म्हणजे तसं बघायला गेलं तर ताईचा जीव त्या साडेचार फुटी पलंगावर अवलंबून होता.

सोमवारी छोटीनं घर लावलं. मंगळवारी सकाळी एका सफरचंदाला चावा घेतलेला होता.

चावा ओला होता. मेणावर लाळेची तार लोंबत होती आणि तिला एक बारीक केस चिकटलेला होता. छोटीनं सफरचंद दोन बोटांनी उचलून हातभर लांब धरलं. दुसरी किल्ली एजंटकडे होती, म्हणून तिनं त्याला बोलावून घेतलं. एजंटला आळ अजिबात सहन झाला नाही. त्यानं तिथल्या तिथे तोंडातली कवळी काढली, रुमालानं पुसली आणि सफरचंदाला लावून दाखवली. जुळली नाही. दात फारच लहान होते, तांदळाएवढे, आणि वरच्या रांगेतला एक आडवा फिरलेला. "दुधाचे आहेत," एजंट बोळक्या तोंडानं म्हणाला आणि कवळी परत बसवायची विसरून निघून गेला.

छोटीनं सफरचंद धुतलं आणि चावा भिंतीकडे केला.

बुधवारी आणखी दोन सफरचंदं चावलेली होती. बेसिनच्या जाळीत चघळून थुंकलेल्या मेणाचा चोथा अडकला होता. तो तिला हातानंच काढावा लागला, कोमट होता. दाखवण्यापुरत्या ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलला कोणीतरी तोंड पुसलं होतं. दात आता मोठे झाले होते, पण आडवा दात आडवाच होता. त्या दिवशी निघताना तिनं सगळ्या खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीवर वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी मारली.

गुरुवारी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत उशीवर डोक्याचा खड्डा पडला होता, तेलकट, पिवळा. पलंगाच्या दुसऱ्या टोकापलीकडे, भिंतीवर, दोन तळव्यांचे काळपट ठसे उमटले होते. पाय पलंगाबाहेर जात असणार. त्याला पलंग आखूड पडत होता. छोटीनं व्हॅनिला दुप्पट उकळला, पण व्हॅनिलाच्या खालून वास येतच राहिला: सकाळी न धुतलेल्या तोंडाचा.

संध्याकाळी ताई सोफ्यावर अंडं सोलत होती. काढलेल्या टरफलाचा एकेक तुकडा उजेडाकडे धरून बघत होती. छोटीनं शक्य तितक्या सहज विचारलं, की तुझ्या त्या घरात कधी दातांचे वगैरे ठसे दिसले होते का.

ताईनं अंडं खाली ठेवलं.

"किती मोठे झालेत?" तिनं विचारलं.

"कोण?"

"दात गं, छोटे."

छोटीनं बोटांत माप दाखवलं. ताईनं बराच वेळ ते माप बघितलं, मग अंडं कचऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

शुक्रवारी सहाही सफरचंदं चावलेली होती, आणि शेवटच्यावरचा चावा थेट मोठ्या माणसाचा होता. छोटीनं सहाही पिशवीत भरून बाहेरच्या कचरापेटीत फेकली, नवी सहा आणली, भिंत रंगवली, उशी बदलली. हात चार वेळा धुतले, तरी जेवताना डाव्या हातानं जेवली.

शनिवारी सकाळी सहाही सफरचंदं अख्खी होती. उशी सपाट. भिंत स्वच्छ. वाससुद्धा गेला होता. छोटीनं एकेक फळ फिरवून तपासलं. कालच्यापेक्षा हलकी लागली. मेण वाळलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं, आणि सवयीनं वाडगा जरासा भिंतीकडे सरकवला.

जोडप्यातल्या बाईला घर फार आवडलं. रिकामी घरं खायला उठतात, हे तसं नाही, ती म्हणाली. इथे कोणीतरी नीट पोटभर राहून गेलंय असं वाटतं. एजंट कवळी दाखवत हसला. दुपारपर्यंत सह्या झाल्या. छोटीनं नेहमीप्रमाणे आपलं सामान आवरलं: पलंग गोदामात, पुस्तकं खोक्यात, वाडगा स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

ताई सह्यांची बातमी ऐकून रडली. मग खरोखरच जेवली. भात जेवली, दूध प्यायली, नळाचं पाणी प्यायली. दोघी बहिणी खूप दिवसांनी एका ताटात जेवल्या, आणि कोणाचं उष्टं कोणी खाल्लं याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

रविवारी सकाळी छोटीनं दोघींसाठी अंडी उकडली. ताई अंघोळीला गेली होती, गुणगुणत होती. आज हिला आपणच सोलून देऊ, छोटीला वाटलं.

टरफल अख्खं होतं. कुठे तडा नाही, भोक नाही. तिनं ते हातात फिरवून बघितलं.

थोडं हलकं लागलं.

तिनं ते टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सोललं.

आतल्या पांढऱ्यात चावा होता. मोठा, स्वच्छ, वरच्या रांगेतला एक दात आडवा.

बाथरूमचं दार उघडलं. छोटीनं अंडं बशीत ठेवलं आणि चावा भिंतीकडे केला.