पाइपातून आलेलं उत्तर

ही घटना खरी आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा, आग्रह नाही.

गेल्या फेब्रुवारीत, लोणी काळभोरच्या जरा अलीकडे, भर दुपारी घडलेली. माझी ऑफिसातली मैत्रीण आलिमा तिथे होती. भुताखेतांचं नाव काढलं की हसणारी बाई.

आमची कंपनी खोल विहिरींच्या तळाची माहिती वर आणणारं यंत्र बनवते. तळाशी उष्णता किती, दाब किती, हे यंत्र ड्रिलच्या लोखंडी पाइपातून आवाजाच्या लहरींनी सांगतं. चाचणीसाठी एक खोल बोअर घेतली होती. तिच्या तोंडाशी खोलीएवढा खड्डा. त्यात उतरून काम करायचा आलिमाचा थोरला भाऊ, तौफिक.

खड्ड्यातल्या माणसाची खबर घ्यायची रीत ठरलेली. वरून पाइपावर हातोडीचे दोन ठोके, म्हणजे "ठीक ना?" खालून दोन ठोके, म्हणजे "ठीक."

त्या दुपारी खड्ड्याची भिंत खचली. तौफिक मातीखाली गेला.

"भाईजान..." आलिमा पाइपाकडे धावली. तिने हातोडी उचलली. दोन ठोके.

शांतता.

मग पाइपातून... ठण्. ठण्.

"जित्ता हाय," मुकादम नागोराव ओरडले. "पाइपापाशीच हाय. हितंच उकरा."

आलिमाची नजर स्क्रीनवर गेली. एक सेन्सर पाइपाच्या तोंडाशी होता, दुसरा वायरीने बराच खाली सोडलेला. खड्ड्यातून तौफिक ठोकत असेल, तर आवाज आधी वरच्या सेन्सरला कळायला हवा.

पण आधी खालच्याला कळत होता...

"सलिल, हे खालून येतंय. खूप खालून."

"वायरी उलट लागल्यात गं. स्वॅप करतो." सलिल आमचा इंजिनिअर. स्क्रीन मनाविरुद्ध बोलली की आमच्याकडे वायरीच चुकतात. त्याने त्या बदलल्या. आलिमानेही मान डोलावली. कोणती बहीण डोलावणार नाही?

सगळे पाइपाभोवती हातांनी माती उपसत होते. कोपऱ्यांकडे कोणी फावडं लावलं नाही. आलिमा ठोकायची... दर वेळी उत्तर यायचं. आशेने ती वेडीपिशी झाली होती.

माती निघाली. पाइपापाशी कोणीच नव्हतं.

तौफिक सापडला पाइपापासून लांबच्या कोपऱ्यात. त्याचा हात पाइपापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तोंडापाशी थोडी पोकळी राहिली होती. नखं मातीने भरलेली. डॉक्टर नंतर म्हणाले, बराच वेळ जिवंत असावा.

आलिमा रडली नाही. तिने वाकून वायरी तपासल्या. सलिलने बदलण्याआधी त्या बरोबर होत्या.

तेवढ्यात...

ठण्. ठण्.

वरून कोणी ठोकलं नव्हतं. आता खालून कोणीतरी विचारत होतं.

सवयीने नागोरावांचा हात हातोडीकडे गेला. आलिमाने तो घट्ट धरला.

"नका देऊ काका. उत्तर नका देऊ."

बोअर नंतर बुजवली. पाइप निघालाच नाही, तो आतच आहे. आलिमा अजून झोपत नाही. परवा मी तिला म्हटलं, तुझी काय चूक, तू तर त्याला हाका मारत होतीस.



"म्हणजे भाईजानला सगळं ऐकू येत असणार," ती म्हणाली. "मी विचारत होते, ठीक ना... आणि त्याच्या नावाने दुसरंच कोणीतरी सांगत होतं, ठीक."