शिकणारा रिमोट

"शिकणारा रिमोट एकच उरलाय," लालासाहेबांनी काउंटरवर खोकं ठेवलं, "आणि गिऱ्हाईकं दोन. आता तुमचं तुमी बघा."

ब्राह्मीनं शेजारी पाहिलं. साताऱ्यात स्वच्छ ऊन पडलं होतं आणि हा माणूस मात्र खांद्यापर्यंत भिजलेला... जॅकेटच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"महाबळेश्वरहून आलोय," तिची नजर ओळखून तो म्हणाला. "तिथं पाऊस अजून थांबलेला नाही. तुम्हाला कशाला हवाय रिमोट?"

"आईसाठी. तुम्हाला?"

"हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी. टॉवेल नेतात ते एक वेळ समजू शकतो, पण रिमोट नेऊन करतात काय, सांगा बरं?"

ब्राह्मी हसली. हसू आल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. आषाढात बाबा गेल्यापासून ती लोकांशी बोलत होती, कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देत-घेत होती, पण असं नकळत हसणं झालं नव्हतं.

तिला नेमकं काय हवंय ते तिनं लालासाहेबांना सांगितलं. सांगलीला, विश्रामबागच्या घरात बाबांनी हौसेनं होम थिएटर उभं केलं होतं. टीव्ही, अॅम्प्लिफायर, डिश, डीव्हीडी, असे चार रिमोट. कुठला आधी, कुठला नंतर, हे फक्त बाबांना ठाऊक. आता आई रोज संध्याकाळी टीव्ही लावते आणि आवाजाशिवाय बघत बसते. धाकटा भाऊ अतिशय पुण्याहून सांगतो, टीव्हीचा स्वतःचा आवाज सुरू कर आणि ती स्पीकरची खोकी विकून टाक, दिवाळीला आलो की मीच नेतो. त्यावर आई एवढंच म्हणते, "त्यांनी लावलंय तिथनंच येऊ दे आवाज. न्हाई आला तर ऱ्हाऊ दे."

"मग साधा चालणार न्हाई," लालासाहेब म्हणाले. "त्यात कंपन्यांचे नंबर आधीच भरलेले असतात. तुमच्या अॅम्प्लिफायरची कंपनीच बंद पडली. मोबाइलवरनं चालणारा हाय, देऊ?"

"आई फोनच उलटा धरते."

"मग ह्योच. जुना रिमोट ह्याच्या तोंडासमोर धरायचा, एकेक बटण दाबायचं. ह्यो शिकून घेतो."

भिजलेल्या माणसानं खोकं तिच्याकडे सरकवलं. "घ्या तुम्ही. माझे पाहुणे उठून बटण दाबतील, तेवढाच व्यायाम. फक्त चालला की नाही ते मला कळवा. चालला तर मीही मागवतो." त्यानं नंबर दिला. "जयराज. मूळचा वाईचा."

"ब्राह्मी."

"अरे वा. मग तुमच्या हातात रिमोट काही विसरायचा नाही."

पण शनिवारी सांगलीला घरी गेल्यावर रिमोट काही शिकेचना. तिनं सूचनांचा कागद पुन्हा पुन्हा वाचला, बटणं दाबली. लाल दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. शेवटी तिनं जयराजला मेसेज केला – 'शिकत नाही.'

'विद्यार्थी ढ आहे की बाई कडक?'

'दोन्ही.'

'उद्या बेदाणे घ्यायला सांगलीत येतोय. आईंना चालेल ना?'

तिनं स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. मग लिहिलं – 'या.'

रविवारी उतरत्या दुपारी तो आला, तो पिशवीभर लालबुंद गाजरं घेऊन. ब्राह्मीच्या आईनं, गुणमालाबाईंनी, पिशवीत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"आवं, चातुर्मास हाय. आणि एरवीबी आमच्या जैनांत कंदमूळ खाईत न्हाईत."

जयराजचे कान गाजरांइतकेच लाल झाले. "काकू... मला खरंच माहीत नव्हतं."

"असू दे. शेजारच्या राहीबाईला देते. ती तुमचं नाव घेईल."

ब्राह्मी स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन हसून आली.

मग गुणमालाबाईंनी कपाटातून बाबांचा रिमोट आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, वर रबर लावलेलं. जयराजनं तो दोन्ही हातांत घेतला. आवाजाच्या बटणावरची खूण बाबांच्या अंगठ्यानं पार पुसून गेली होती.

"म्हंजे ह्यो आता टाकायचा?" गुणमालाबाईंनी विचारलं.

"छे. याच्याशिवाय नव्याला कोण शिकवणार? शिकवून झालं की ठेवा परत कपाटात."

त्यानं वर्तमानपत्रावर दोन्ही रिमोट समोरासमोर ठेवले. तो नव्याचं बटण दाबायचा, ब्राह्मी जुन्याचं. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती, की त्याच्या केसांना येणारा पावसाचा ओला वास तिला जाणवत होता.

"तुम्ही लवकर दाबता," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही उशिरा दाबता."

"मला कुठं घाई आहे?"

तिनं वर पाहिलं नाही. पण पुढचं बटण चुकलं.

एवढ्यात गुणमालाबाई बाहेर आल्या. "दिवस मावळायला आला. आमी अंधार पडल्यावर जेवत न्हाई, आणि पाव्हण्याला उपाशी ठेवून तर मुळीच न्हाई. उठा. त्यो रिमोट काय पळून जात न्हाई."

दोडक्याची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. त्या वाढत राहिल्या आणि तो नको म्हणायला शिकलाच नसावा. पान संपेपर्यंत बाहेर अंधारलं. घाटातलं धुकं आठवून तो घाईनं निघून गेला.

सोमवारी आईचा फोन आला. "अगं, ह्यो गप्पच हाय. लय दाबून बघितलं. ऱ्हाऊ दे आता. अतिशय म्हणतोय तसं करू."

ती खोकी भिंतीवरून उतरली, की बाबांनी हातानं केलेलं त्या घरात काहीच उरणार नव्हतं. ब्राह्मीनं जयराजला फोन लावला.

"चूक तुमच्या आईच्या भाकरीची," तो म्हणाला. "सगळं शिकवून झालं की शेवटी एक बटण दाबून ते पक्कं करावं लागतं. आपण मध्येच जेवायला उठलो. रविवारी पुन्हा येऊ?"

"इतक्या लांब... एका बटणासाठी?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही येणार."

तिनं नको म्हटलं नाही.

या खेपेला तो मक्याची कणसं घेऊन आला. दारातच म्हणाला, "काकू, जमिनीच्या वरची आहेत. चौकशी करून आणलीत." गुणमालाबाई पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या. पण वर्तमानपत्र पसरल्यावर त्यानं हात मागे घेतले.

"आज तुम्ही शिकवा, काकू. मी नुसतं सांगतो."

"मला न्हाई जमायचं."

"तुम्ही मला जेवायला लावलंत, मग हा तर किस झाड की पत्ती."

गुणमालाबाईंनी बाबांचा रिमोट पिशवीतून काढला. पुसट झालेल्या बटणावर अंगठा ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, मग दाबला. नव्यावर दिवा लागला. एकेक करत सगळी बटणं झाली. शेवटचं, पक्कं करणारं बटणही त्यांनीच दाबलं.

"आता नव्यानं लावा."

टीव्ही लागला. आणि आवाज आला – त्यांच्या खुर्चीच्या मागून, बाबांनी स्टुलावर चढून बसवलेल्या त्या छोट्या स्पीकरमधून. गुणमालाबाईंनी दचकून मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पुढं वळल्या आणि मांडीवरचा पदर नीट केला.

जयराजनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो खाली वाकून वर्तमानपत्राची घडी घालत बसला. ती घडी खरं तर केव्हाच घालून झाली होती... तरी तो घालत राहिला. त्या वाकलेल्या मानेकडे पाहताना ब्राह्मीला कळलं, आपलं काय झालंय ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती साताऱ्याच्या खोलीत फोन समोर ठेवून बसली होती. काल सगळे सोबत होते. आज आई एकटी होती. अंधार पडला तरी फोन वाजला नाही. मग वाजला, तर आई बोलेचना. नुसता मालिकेतल्या बायकांचा भांडणाचा आवाज... मोठा, खणखणीत.

"ऐकू आलं का?" आई म्हणाली. "मीच लावलं. अतिशयला सांग, काय न्यायला येऊ नको. मला बघायला म्हणून ये म्हणावं."

डोळे पुसून ब्राह्मीनं जयराजला फोन केला. "चालला. आईनं एकटीनं लावला."

"वा," तो म्हणाला. त्याच्या मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. "म्हणजे... आता माझं सांगलीत काही काम उरलं नाही."

"नाही."

"बेदाणेसुद्धा भरपूर आहेत. हॉटेलात रोज बेदाण्याचा शिरा होतोय, पाहुणे कंटाळलेत."

ती हसली नाही. बाबा गेल्यापासून मनाला हवीशी वाटणारी प्रत्येक गोष्ट ती 'आत्ता नको' म्हणून बाजूला सारत आली होती. हीही सारता आली असती. पलीकडे तो नुसता वाट पाहत होता, घाई न करता.

"ब्राह्मी, रविवारी यावंसं वाटतंय. पण काकूंना काय सांगून येऊ?"

"काही सांगू नका."

"त्या विचारतील."

"विचारू दे." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी सांगेन... माझ्यासाठी आलेत म्हणून."