बोचक्यातला तांबुआ

"तो माझ्या बाबांचा गॉगल आहे," मिला म्हणाली.

"होता," जोसा म्हणाला आणि गॉगल नाकावर आणखी वर सरकवला. "सकाळीच मागितला. मामा कधी नाही म्हणतो का?"

मामा नाही म्हणत नाही, तीच तर पंचाईत. फिजीत भाच्याने मामाकडे काही मागितलं की मामाने ते द्यायचं, वर हसायचंही. आत कितीही जळलं तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. अशा हक्काच्या भाचरांना 'वासू' म्हणतात, आणि मिलाचा हा आतेभाऊ तर वासूंचा राजाच होता. तो सुट्टीला येणार असं कळलं की मिलाचे बाबा आपल्या चांगल्या वस्तू शेजाऱ्याकडे ठेवून येत.

मिलाला आणि धाकट्या सेमीला हे सुख ठाऊकच नव्हतं. मामा त्यांनाही होता, लांब सावुका बेटावर, पण त्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. आईने बाबांशी लग्न केलं ते पळून जाऊन. तेव्हा बाबांनी तांबुआ घेऊन आजोबांची माफी मागायला जायला हवं होतं. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात, काथ्याच्या वेणीत ओवलेला. पण एका वर्षी वादळ आलं, एका वर्षी काकांचा पाय मोडला, आणि मग लाज इतकी साचली की कुणी विषयच काढेना. तो दात आजोबांपुढे ठेवल्याशिवाय आईला माहेरच्या वाळूवर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि पोरांना आजोळी चेहरा दाखवता येत नव्हता.

मग मामाचा निरोप आला. आजोबा थकलेत, आता या. म्हणून आज सगळे लौटोकाच्या धक्क्यावर उभे होते आणि 'सिंगा वोऊ' ही जलद बोट समोर धक्क्याला अंग घासत होती.

"बाबा, तांबुआ कुठे ठेवलात?" मिलाने हळूच विचारलं.

"यांगोनाच्या बोचक्यात, मुळांच्या मधोमध." पाण्यात कोळून प्यायची ती मुळं बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळली होती आणि आईच्या लाल लोकरीने बांधली होती. "बोटीवर ज्याच्या त्याच्या काखेत असलं बोचकं असतं. आपल्याकडे कोण बघतंय?"

"मी मांडीवर घेऊन बसते ना."

"तू मोठ्यांना शिकवू नकोस."

तेवढ्यात वरून आवाज आला, "आले का चिखलातले खेकडे?"

सामान चढवणारा खलाशी, सायरुसी, दात काढून उभा होता.

"दोर नीट धर रे वटवाघळा," बाबा म्हणाले. "उजेडात दिसतं ना तुला?"

सायरुसीने त्यांची टोपली उचलली, तिच्यातला उकडलेला कसाव्याचा कंद काढला आणि तिथल्या तिथे तोंडात टाकला.

"बाबा, तो आपला डबा खातोय," सेमी कळवळून म्हणाला.

"खाऊ दे. तौवू आहे तो आपला." बाबा मजेत होते. सायरुसीच्या बेटाचा आणि बाबांच्या गावाचा मूळपुरुष एकच, त्यामुळे एकमेकांना शिव्या द्यायच्या, एकमेकांचं पळवायचं, आणि रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हरला. सेमीला हा खेळ मुळीच आवडला नाही, पण त्याला कोण विचारतंय.

बोट सुटली. बाबा वरच्या डेकवर जाऊन टोपीखाली घोरायला लागले. आई मात्र कठड्याशी उभी होती. तिने केस दोनदा विंचरले होते आणि तिसऱ्यांदा फणी हातात घेतली होती.

जलद बोट किनाऱ्याला लागत नाही. बेट आलं की ती समुद्रातच थबकते, बेटावरून होड्या येतात, माणसं आणि सामान खाली उतरवतात, की ही पुन्हा निघाली. नानुकू बेटाजवळ हिरव्या पट्ट्याची होडी आली तेव्हा आईने एकदम तोंड फिरवलं.

"काय गं?" मिलाने विचारलं.

"आमचीच माणसं आहेत ती. माझी आजी नानुकूची." आई समुद्राकडेच बघत होती. "ओळखतील मला."

मिलाने आईचा हात धरला आणि होडी दूर जाईपर्यंत सोडला नाही.

थोड्या वेळाने सेमी मागच्या बाजूला सामानाकडे गेला. भूक लागली होती म्हणे. तो परत आला तो रिकाम्या हाताने.

"ताई, आईची लोकर लाल आहे ना?"

"हो."

"मग आपलं बोचकं सुंभाने का बांधलंय?"

मिला, जोसा आणि सेमी धावतच सामानाशी पोचले. टोपलीत बोचकं होतं, तसंच वर्तमानपत्रातलं, पण सुंभाने बांधलेलं. मिलाने गाठ सोडली. आत कसाव्याच्या कांड्या होत्या, शेतात लावायला तोडतात तशा हिरव्या, ताज्या. मुळं नाहीत, तांबुआ नाही.

"मामाला उठवतो," जोसा म्हणाला. त्याने गॉगल काढला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"थांब. आधी कुठे गेलं ते कळू दे. बाबा उठले की नुसता आरडाओरडा होईल आणि आईला कळेल." मिलाने कांडी नाकाशी नेली. "हे चोराचं काम नाही. चोर बदलून कांड्या कशाला ठेवेल? हे कुणीतरी हसण्यासाठी केलंय."

तिघांच्या तोंडी एकच नाव आलं.

सायरुसी मागच्या कट्ट्यावर दोराची वेटोळी घालत बसला होता.

"आमचं बोचकं कुठे आहे?" सेमीने थेट विचारलं.

"कसलं बोचकं?" सायरुसीच्या मिशा हलत होत्या. "तुमच्या बाबांना सांगा, गावात सगळ्यांसमोर उघडा म्हणावं. मोठ्या थाटात उघडा."

मिला काही बोलणार तोच जोसाने तिचं कोपर दाबलं. तो जांभई देत म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. बरंच झालं. नाहीतरी त्या मुळांना बुरशी लागली होती. परवा शेजारच्यांना दिली तर त्यांची पोटं बिघडली."

सायरुसीचे हात थांबले. "बुरशी?"

"हिरवीगार."

"आणि हे आधी नाही सांगायचं? नानुकूची म्हातारी माणसं दुपारी तेच कोळून पिणार आहेत!"

जोसाने गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बघ. नानुकू."

सायरुसी आधी चमकला, मग खो खो हसला. पोराने आपल्याला बनवलं हे त्याला भलतंच आवडलं. पण मिला हसत नव्हती.

"दादा, बुरशी नाही लागलेली," ती म्हणाली. "त्यात तांबुआ आहे. आई आज पहिल्यांदा माहेरी चाललीय. आमचा चेहरा दाखवायला."

सायरुसीचं हसू जागच्या जागी विरलं. मुळं पळवणं हा खेळ होता, तांबुआ पळवणं हा खेळ नव्हता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मुळांत तांबुआ कोण ठेवतं?" तो म्हणाला.

"आमचे बाबा," सेमी म्हणाला.

कप्तानाच्या केबिनमध्ये वायरलेस होता. एकजण बोलला की सगळ्या बेटांना ऐकू जायचं. सायरुसीने नानुकूला हाक घातली. पलीकडून लेमेकी नावाच्या म्हाताऱ्याचा आवाज आला, शांत आणि खरखरीत.

"लेमेकीआजोबा, ते बोचकं उघडू नका. आत तांबुआ आहे. लगेच सावुकाला पोचवा."

"हो का?" म्हातारा म्हणाला. "मागच्या खेपेला डब्यात खेकडा आहे म्हणालास आणि त्यात चप्पल निघाली. सायरुसी, मुळं कोळायची परात धुऊन ठेवलीय, तुझं नाटक आवर."

सायरुसीने शपथ घेतली, गयावया केली. जितकं बोलला तितका पलीकडून हशा वाढला. आयुष्यभर थट्टा केलेल्या माणसाला खरं बोलायची वेळ आली की असंच होतं. कप्तानाने कपाळाला हात लावला.

मिलाच्या मनात एकदम जोसा आला, बाबांचा गॉगल हक्काने मागून घेणारा. तिने सायरुसीच्या हातातून माइक घेतला.

"मी उलामिला," ती म्हणाली. "सावुकाच्या लोसालिनीची मुलगी. तुमची वासू. तुमच्याकडचं ते बोचकं मला हवंय. न उघडता."

पलीकडचा हशा थांबला.

"लोसालिनीला मुलगी आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मुलगाही आहे," सेमी माइकजवळ तोंड नेऊन म्हणाला.

"चेहरा दाखवलात आजोळी?"

"नाही," मिला म्हणाली. "तोच दाखवायला निघालोय. त्या बोचक्याशिवाय दाखवता येणार नाही."

"मग चेहरा न दाखवता वासू कशी झालीस, पोरी?"

मिलाने खिडकीतून बाहेर पाहिलं. आई अजून कठड्याशीच होती.

"चेहरा नाही दाखवला," ती म्हणाली, "पण आजोळ तर आहेच ना आम्हाला?"

पलीकडून वायरलेस बंद झाला.

"आपल्याला खडकांच्या रांगेबाहेरून जावं लागतं, वाटेत थांबतही जायचंय," कप्तान हळू म्हणाला. "लहान होडी भरतीला आतून सरळ जाऊ शकते. म्हातारा निघाला असेल तर."

निघाला की नाही हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मिला बाबांना उठवायला वर गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "तुझ्या मांडीवर दिलं असतं तर," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"वायरलेसचा भोंगा डेकवरही आहे," मागून आई म्हणाली. ती रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. "तो दात आला नाही तर मी होडीत उतरणार नाही. याच बोटीने परत जाऊ. रिकाम्या हाताने मी वडिलांसमोर बसणार नाही, एपेली."

सायरुसी येऊन त्यांच्याशेजारी गुपचूप उभा राहिला, आणि बाबांनी त्याला एकही शिवी दिली नाही. त्यावरून जोसाला कळलं की परिस्थिती किती वाईट आहे.

सावुका आलं. नारळाची झाडं, पांढरी वाळू, वाळूवर उभी माणसं. मामाची होडी बोटीच्या अंगाला लागली. मामाने मान वर केली तर आईचंच नाक, आईचेच डोळे. त्याने हात पुढे केला. आईने हात कठड्यावरून उचलला नाही.

जलद बोट थांबून राहत नाही. पण कप्तानाने इंजिन मंद केलं आणि कसलं तरी काटेकोर काम असल्यासारखा दिवे तपासत बसला. भर दुपारी.

"ती बघा," सेमी म्हणाला.

खडकांच्या फटीतून हिरव्या पट्ट्याची होडी येत होती. पुढच्या टोकाला एक वाळलेला म्हातारा ताठ बसला होता, मांडीवर बोचकं घेऊन. लाल लोकर सुटलेली नव्हती. सायरुसीने घाईने हात पुढे केले, पण लेमेकीआजोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बोचकं मिलाच्या हातात दिलं.

"वासूने मागितलं," ते म्हणाले. "नाही कसं म्हणणार?"

मग आईने मामाचा हात धरला. धरला आणि तिला रडू फुटलं. मिलाही रडली, आणि जोसाच्या गॉगलखालून काय ओघळलं ते त्याने अजून कबूल केलेलं नाही.

आजोबा चटईवर बसले होते. बाबांनी गुडघे टेकून तांबुआ दोन्ही हातांनी पुढे धरला आणि माफी मागितली. उशीर झाल्याबद्दलची, पळवून नेल्याबद्दलची आणि न सांगितलेल्या सगळ्याबद्दलची. आजोबांनी तांबुआ घेतला आणि छातीशी धरला. मग पोरांना जवळ बोलावलं.

"चेहरा आज पाहिला," ते मिलाला म्हणाले. "आवाज मात्र आधीच आला होता. मी वायरलेसपाशीच बसलो होतो, पोरी. शेजारी सगळं गाव होतं. आमच्या घरात इतक्या धीराने कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. नाहीतर तुझ्या आईला मीच केव्हाच हाक घातली असती."

मग त्यांनी जोसाची पाठ थोपटली आणि लोकर ओळखणाऱ्या सेमीला मांडीवर घेतलं. म्हणाले, "आता मागा. वासू आहात. काय हवं?"

"डुक्कर माग," जोसा कुजबुजला. "मोठं."

मिलाने टोपलीतून कसाव्याच्या कांड्या काढल्या. "या लावायला थोडी जागा हवी."

आजोबा हसले. "एवढंच? अगं, कसावा खायला मिळायला वर्ष जातं."

"म्हणूनच मागतेय," मिला म्हणाली. "काढायला यावं लागेल ना."

आजोबांचं हसू थांबलं. ते आईकडे बघू लागले. आई उठली, तिने दाराआड हात घातला आणि खणायची पहार बाहेर काढली. लग्नाआधी ती ठेवायची त्याच जागी पहार अजून होती.