लाल अक्षरांचा निरोप

नेकनूरच्या त्या वसतिगृहाच्या कचेरीत भुताटकी आहे, असं मी म्हणत नाही हो. भर दुपारी तापल्या पत्र्याखाली कोणतं भूत घाम गाळत बसेल? पण उज्ज्वलाचं झालं ते असं.

ऊसतोडीला गेलेल्यांची बावीस पोरं त्या वसतिगृहात राहायची. आईबाप कर्नाटकातल्या कारखान्यावर. फडात फोन धड लागत नाही, म्हणून दर शनिवारी पोरांची खुशाली कारखान्याच्या कचेरीला ईमेलनं कळवायची आणि तिथल्या माणसानं ती टोळीला सांगायची. सदा तंबाखू मळणारा जुना कारकून रामप्रसाद, त्याची एक रीत होती. खुशाली काळ्या अक्षरांत. गावाकडं कुणी वारलं, तरच लाल. लाल दिसलं की तिकडचा माणूस पुढ्यातलं ताट सोडून फडाकडं पळायचा. दिवाळीत रामप्रसाद वारला आणि ती खुर्ची उज्ज्वलाला मिळाली. तिचा नवरा सत्यमही त्याच कारखान्यावर तोडीला होता.

पहिल्याच दिवशी तिनं नवीन ईमेल उघडलं, तर अक्षरं लालभडक! म्हाताऱ्यानं तशीच ठेवली असतील, म्हणून तिनं सेटिंगमध्ये जाऊन रंग काळा केला, आकार चौदा केला आणि 'कायम हेच ठेवा'वर टिचकी मारली. सोमवारी पुन्हा लाल. पुन्हा काळा केला. बुधवारी पुन्हा तेच! एक जरी असं चुकून गेलं, तर तिकडं कुणाच्या तरी खोपीत फुकटची रडारड...

संशय शिपाई गहिनीनाथवर. या खुर्चीवर त्याला आपली मेव्हणी बसवायची होती, हे अख्ख्या नेकनूरला ठाऊक.

"मामा, संगणकाला हात लावता का तुमी?"

"मला ते चालूबी करता येत न्हाई, बाई. माझं नाव कावून घेता?"

पण बोलताना तो तिच्याकडं बघतच नव्हता. खुर्चीमागच्या रिकाम्या भिंतीकडं बघत होता. मोठा साळसूद मेला, असं मनात म्हणत तिनं त्याच दिवशी पासवर्ड बदलला.

शनिवारी तिनं दाराला आतून कडी घातली. खोलीत कुठूनसा शिळ्या तंबाखूचा वास येत होता. रंग काळा केला, दोनदा तपासला. 'बावीसही मुले बरी आहेत,' एवढंच लिहिलं आणि धाडलं. काळ्याच अक्षरांत गेलं. सुटले बाई एकदाची, म्हणत ती मागं टेकली.

उत्तर लगेच आलं.

'लाल निरोप मिळाला. सत्यमला सांगितलं. लई रडत होता, गाडीत बसवून दिलाय. त्याला बायकोचं तोंड बघायचंय. तो येईपर्यंत नेऊ नका.'

उज्ज्वलानं उत्तर खाली सरकवत नेलं. उत्तराखाली तिचं ईमेल जोडून आलं होतं. त्यात बावीस मुलांचं नावसुद्धा नव्हतं. 'उज्ज्वला वारली. सत्यमला लवकर धाडा.' लाल अक्षरं. पाठवल्याची वेळ, सव्वापाच.

संगणकाच्या घड्याळात आत्ताशी पावणेपाच झाले होते.

तेवढ्यात दार हललं.

"बाई..." गहिनीनाथचा आवाज, अगदी हळू. "उघडा... तुमी सांगितलेला चहा आणलाय..."

तिनं चहा सांगितलाच नव्हता.