शंभर फील्ड

सत्त्याण्णवची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी दिल्लीतल्या आमच्या लॅबमध्ये गेले ती रजिस्टरचा एक रकाना भरायला. तासाभराचं काम, मग मयूर विहारमधली भाड्याची खोली आणि घरमालकिणीने दिलेला मिठाईचा डबा. एवढीच माझी दिवाळी.

मलेरियावर पीएच.डी. करत होते. फरीदाबादच्या एका दवाखान्यातून तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या स्लाइड यायच्या, नावं झाकून, नुसते नंबर. नियम असा, की मायक्रोस्कोपखाली नजरेत एका वेळी मावणारा तुकडा म्हणजे एक फील्ड. अशी शंभर बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. मग तीच स्लाइड दुसऱ्या कुणीतरी वाचायची. त्या रिपोर्टवर दवाखाना औषध द्यायचा. माझी दुसरी वाचक अलका ऑगस्टमध्ये लग्न करून अमेरिकेला गेली आणि तिचा रकानाही मीच भरू लागले. खोटं कशाला सांगू, थीसिसच्या घाईत शंभराची चाळीस कधी झाली ते माझं मलाच कळलं नाही.

गेटवर दीनानाथ चौकीदार होता. "त्योहार के दिन भी, बिटिया? और कोई नहीं आया।"

"बस, घंटे भर का काम है," मी म्हटलं.

आत मिथेनॉलचा वास, त्यात खिडकीतून येणारा फटाक्यांचा धूर. आमचा मायक्रोस्कोप दोघांनी समोरासमोर बसून बघायचा. दृश्यात एक हिरवा बाण दिसतो. तो समोरच्या बाजूच्या खुंटीने हलतो. अलका गेल्यापासून बाण दृश्याच्या एका कोपऱ्यात पडून होता.

मनाची लाज म्हणून एकशे चाळीस नंबरची स्लाइड लावली. परवाच निगेटिव्ह कळवलेली. चाळीस फील्ड झाली, घड्याळ बघितलं, पेन उचललं, आणि बाण हलला.

सावकाश उजव्या कडेला जाऊन थांबला.

मी डोकं वर केलं. समोर रिकामं स्टूल. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. तीन महिन्यांत माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं.

स्लाइड उजवीकडे सरकवली. बाण पुन्हा कडेला. पुन्हा सरकवली. पुन्हा कडेला... मी मोजत होते. अठ्ठ्याऐंशीव्या फील्डमध्ये तो मधोमध येऊन एका पेशीवर टेकला. पेशीत बारीक जांभळी अंगठी. शेजारच्या पेशीत दोन. फाल्सिपेरम, जीव घेणारा मलेरिया.

समोरच्या आयपीसच्या, डोळे लावायच्या दोन्ही काचांवर वाफ धरली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती विरली... आणि पुन्हा धरली.

मी धावत ऑफिसात जाऊन माझ्या गाइड विजयालक्ष्मी मॅडमना घरी फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, एकशे चाळीस पॉझिटिव्ह आहे. मी निगेटिव्ह कळवलंय. तुम्ही प्लीज दवाखान्याला सांगा, आत्ताच."

"अच्छा... थांब. शंभर फील्ड बघितली होतीस ना, प्रभा?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"प्रभा?"

"चाळीस."

त्यांनी फोन ठेवला. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"नाव गुणवंत. चोवीस वर्षांचा, फाउंड्रीत कामाला होता. कालपासून बेशुद्ध होता, गं. साडेतीनला गेला. तू... तू आता घरी जा."

साडेतीनला मी पेन उचललं होतं.

घरी नाही गेले. जाणार कुठे? परत आत येऊन एकशे चाळीससमोरचा ‘निगेटिव्ह’ शब्द खोडला. मी मोठ्याने रडत होते. ऐकायला कुणी नव्हतं, असं तेव्हा वाटलं. मग स्लाइडची पेटी ओढली. आधीच्या निगेटिव्हांपैकी किती चाळीसवाल्या होत्या, मला ठाऊक नव्हतं. एक नंबरपासून सुरू केलं. शंभर. काही नाही. दोन नंबर. शंभर. काही नाही. जरा श्वास घेतला.

तीन नंबर लावली. चाळिसाव्या फील्डला समोरचं स्टूल करकरलं, एकाने उठावं आणि दुसऱ्याने बसावं तसं.

आणि बाण डावीकडे निघाला.